मिठ्या मारायला नको, चादरी वाळत घालायला जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाचं पत्र आलं होतं, की हे चर्चवाले मिशन ट्रिपच्या नावाखाली परदेशात जातात, अपंग मुलांबरोबर फोटो काढतात, फेसबुकवर टाकतात, वर धर्मांतर करतात आणि टॅन होऊन परत येतात. पुढच्या रविवारी त्यावर दोन रागावलेली पत्रं आली, भाषेवरून दोन्ही आमच्या वसईकडचीच वाटली. मी तेव्हाच लिहायला बसले होते पण गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि राहून गेलं. आता लिहिते. मी स्वतः अशी एक ट्रिप केलेली आहे आणि माझं मत असं की पहिल्या वाचकाचं निम्मं बरोबर आहे, आणि रागावलेल्या दोघांनी नेमकं तेच निम्मं खोडून काढायचा प्रयत्न केलाय.

मी फोर्टमधल्या एका ऑफिसात तीस वर्षं क्लार्क होते, म्हणजे आयुष्य विरार लोकलमध्ये गेलं म्हणा. रिटायर झाल्यावर 2023 च्या उन्हाळ्यात मुलाकडे न्यू जर्सीला गेले. त्याच्या पॅरिशमधून, म्हणजे त्याच्या चर्चच्या मंडळींतून, दर जुलैत चौदा-पंधरा जण आठ दिवस जमैकाला जातात, अपंग मुलांच्या एका घरात. त्या वर्षी ग्रुपमधली एक बाई आजारी पडली, जागा रिकामी झाली, तर सून म्हणाली "आई, तुम्ही जा ना, नाहीतरी घरात बसून कंटाळताय". जमैका म्हटल्यावर मला क्रिकेटवाले होल्डिंग आणि वॉल्श एवढंच माहीत, ते पण मिस्टरांमुळे. इंग्लिश बोलायला येतं पण त्यांची ती पात्वा बोली कळेल का, मुलांना उचलायला कंबर साथ देईल का, नुसती धाकधूक.

जायच्या आधी एक क्लास करावा लागला, सेफ एन्व्हायर्नमेंट म्हणतात त्याला. पाद्र्यांनी मुलांवर केलेल्या अत्याचारांची जी प्रकरणं बाहेर आली त्यानंतर 2002 साली अमेरिकेतल्या बिशपांनी मुलांच्या सुरक्षेचे नियम केले, तेव्हापासून चर्चतर्फे मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला ते शिकावं लागतं आणि पोलीस रेकॉर्डही तपासतात. मुलाबरोबर खोलीत एकटं थांबायचं नाही, दार उघडं ठेवायचं, मुलाचा फोटो काढायचा नाही, नाव कुठे लिहायचं नाही. मी पाहुणी, माझं रेकॉर्ड तिथे कुठलं, तर त्यांनी आमच्या वसईच्या फादरांकडून पत्र मागवलं, फादरांनाही गंमत वाटली. पण मला ते पटलं हो. आपल्याकडे कुणाचा वाढदिवस असला की केक आणि बिस्किटाचे पुडे घेऊन कुणीही बालगृहात शिरतं, मुलांना रांगेत बसवतात, टाळ्या, फोटो, स्टेटस, आणि ऑफिसातला माणूस रजिस्टरवर सही घेतो एवढीच काय ती चौकशी.

न्यूयॉर्कहून विमानाला साधारण चार तास लागतात. किंग्स्टनचं एअरपोर्ट समुद्रात घुसलेल्या एका चिंचोळ्या पट्टीवर आहे, उतरताना दोन्हीकडे पाणीच. आम्ही होतो ते घर तिथून पुढे स्पॅनिश टाउनच्या बाजूला. घराचं नाव लिहीत नाही, चाळीसेक मुलं, सगळ्यात लहान तीन वर्षांचं. बहुतेकांना सेरेब्रल पाल्सी, काहींना डाउन सिंड्रोम, दोघातिघांच्या डोक्यात पाणी साठलेलं, म्हणजे हायड्रोसेफलस. कुणी हॉस्पिटलातच ठेवून गेलेलं, कुणाला कोर्टाने सरकारी खात्यामार्फत इथे पाठवलेलं. त्या देशात या प्रकारच्या कामात मोठं नाव मस्टर्ड सीड कम्युनिटीज या संस्थेचं, बायबलातल्या मोहरीच्या दाण्याच्या दाखल्यावरून ठेवलेलं. 1978 साली फादर ग्रेगरी रामकिसून यांनी किंग्स्टनमधल्या एका वस्तीत टाकून दिलेल्या अपंग मुलांसाठी ते सुरू केलं. आडनाव वाचून मी दोनदा बघितलं. 1845 पासून पुढची सत्तरेक वर्षं उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून छत्तीस हजारांवर माणसं करार करून तिथे नेली, त्रिनिदादला तर त्याहून कितीतरी जास्त, आणि हे फादर मूळचे त्रिनिदादचे. आम्ही होतो ते घर वेगळं, पण वळण तेच.

धर्मांतराचं आधीच संपवून टाकते. त्या मुलांमधली निम्मी बोलत नाहीत. आणि सांभाळणाऱ्या बायकांना आम्ही काय शिकवणार, त्या रात्रपाळी संपवून आपापल्या चर्चला जायच्या आणि आमच्यापेक्षा चांगलं गायच्या. जमैकात कोपऱ्याकोपऱ्यावर चर्च आहे. तिथे जाऊन कुणाला ख्रिस्ती करायचं म्हणजे आळंदीला जाऊन वारकरी करण्यासारखं आहे.

आता ते बरोबर असलेलं निम्मं.

पहिले दोन दिवस आम्ही जे केलं ते आठवलं की मला अजून लाज वाटते. सगळ्यांना एकसारखे पिवळे टीशर्ट, फुगे, साबणाचे बुडबुडे, गिटार, तोंडावर रंगवायचे कलर. ग्रुपमधली कॉलेजची पोरं खरंच प्रेमळ होती, त्यांना नावं ठेवत नाही, आल्या आल्या प्रत्येकाने एकेक मूल उचललं आणि दिवसभर कडेवरून खाली ठेवलं नाही. त्यात एक सहा-सात वर्षांचा मुलगा होता, चालता येत नाही पण हाताची पकड अशी की शर्ट धरला की सोडायचा नाही. तो आमच्यातल्या एका मुलीला असा चिकटला की संध्याकाळी आमची व्हॅन निघाली तेव्हा त्याने आकांत केला. आम्ही गेस्टहाउसला जाऊन जेवलो, प्रार्थना केली, आजच्या दिवसात देव कुठे दिसला ते एकेकाने सांगितलं, त्या मुलीला सांगताना रडू आलं, सगळ्यांनी तिला जवळ घेतलं. आणि इकडे तो मुलगा रात्री अकरापर्यंत रडत होता, हे मला दुसऱ्या दिवशी मुलं सांभाळणाऱ्या तिथल्या एका आंटीने सांगितलं, तक्रार म्हणून नाही, मी विचारलं म्हणून. रात्री त्या हॉलमध्ये दोनच बायका असतात. एक त्याला घेऊन बसली, म्हणजे बाकीच्या सगळ्यांचं बघायला एकटी दुसरी.

त्या मुलाच्या आयुष्यात असे किती टीशर्ट येऊन गेले असतील याचा हिशोब केलात का? उन्हाळाभर दर आठवड्याला नवा ग्रुप, कधी पिवळा, कधी निळा. प्रत्येकजण पहिल्या दिवशी जीव लावणार, आठव्या दिवशी रडत रडत टाटा करणार, आणि परत कधी दिसणार नाही. आई सोडून गेलेल्या मुलाला आपण दर रविवारी नव्याने सोडून जातो.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातून जे झालं ते सांगते. सकाळी मुलांना मक्याच्या पिठाची पेज असते, कॉर्नमील पोरिज, नारळाचं दूध आणि जायफळ घालून, आपल्याला आवडेल अशी. मला वाटलं दोन मुलं वाढवली, नातवंडं भरवली, यात काय कठीण आहे. एका मुलीला मांडीवर आडवी घेतली आणि आपण बाळाला भरवतो तशी भरवायला लागले, मान मागे, चमचा भरून, एक गिळतेय तोवर दुसरा तयार. चौथ्या चमच्याला तिला असा ठसका लागला की ओठ निळसर पडले. एका आंटीने हॉलच्या दुसऱ्या टोकाहून धावत येऊन तिला माझ्याकडून घेतली, पुढे वाकवली, पाठीवर थापटलं, दोन मिनिटांनी श्वास सरळ झाला. माझे हातपाय गार. सेरेब्रल पाल्सीच्या बऱ्याच मुलांना गिळायला त्रास असतो, मान मागे गेली की अन्न श्वासनलिकेत उतरतं, त्यातून न्यूमोनिया होतो आणि अशी कितीतरी मुलं त्याच न्यूमोनियाने जातात. मूल सरळ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, चमचा अर्धा, जिभेवर हलका दाब, मग थांबायचं, गिळलं हे गळ्यावर दिसलं की मगच पुढचा. आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. एका वाटीला चाळीस मिनिटं लागतात. हे सगळं त्या आंटीला येत होतं, पण पाच मुलं तिच्या एकटीच्या वाट्याला. पाच वाट्या गुणिले चाळीस मिनिटं, दिवसातून तीनदा, तुम्हीच करा. म्हणजे तिलाही घाई करावीच लागते.

ती मला ओरडली नाही. मी म्हटलं मला असं काहीतरी काम द्या ज्यात कुणाचा जीव जाणार नाही. ती हसली आणि मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं.

मागच्या अंगणात चादरींचा डोंगर होता. चाळीस मुलं, त्यातली बरीच लंगोटातली, दिवसाला किती कपडे होत असतील. दोन मशीनपैकी एक बंद, दुरुस्त करणारा माणूस "सून कम" म्हणून सांगून गेला होता. जमैकात सून कम म्हणजे आपल्याकडचं "निघालोच" समजा, आमच्या आठ दिवसांत काही तो आला नाही. चादर ओली राहिली की मुलाला ओलीत झोपावं लागतं, ओलीत झोपलं की कातडी सोलते, त्यात ते मूल स्वतःहून कूस बदलू शकत नाही, मग बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा. दुपारी दोनला पाऊस यायचा, त्याच्या आत सगळं वाळवून आत घ्यायचं. मी म्हटलं, हे मला येतं. वसईच्या पावसाळ्यात तीस वर्षं कामावर जायच्या आधी धुणं वाळवलेली बाई आहे मी! उरलेले पाच दिवस मी दोरी, चिमटे आणि चादरी एवढंच केलं, माझ्याबरोबर ग्रुपमधले एक रिटायर्ड प्लंबर होते, त्यांनी बंद मशीन उघडून बसायचं ठरवलं आणि चौथ्या दिवशी ते चालू पण केलं, पाण्याचा पंप अडकला होता म्हणे. आमच्या ट्रिपचं सगळ्यात टिकाऊ काम कुठलं असेल तर ते. त्याचा फोटो कुणीच काढला नाही.

आणि सहाव्या दिवशी काय झालं, मी चादरींच्या घड्या घेऊन आत आले तर तीच आंटी त्याच मुलीला घेऊन खिडकीपाशी बसलेली, पेज भरवतेय, एकेक चमचा, मधे काहीतरी गाणं म्हणतेय, आणि ती मुलगी तिच्या तोंडाकडे बघून हसतेय. सकाळी साडेदहा वाजता. म्हणाली, "टुडे मी हॅव टाइम." माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. मुलीला माझी मिठी नको होती. तिला तिची रोजची बाई हवी होती, आणि त्या बाईला हवे होते दोन जास्तीचे हात, धुण्यावर, भांड्यांवर, फरशीवर. मूल तिच्याच ओळखीचं, ती उद्याही असणार, पुढच्या वर्षीही असणार. आपण गेलो तर मुलाच्या आणि तिच्या मधे नाही जायचं, तिच्या मागे उभं राहायचं.

मी रात्री ग्रुपमध्ये हे बोलले तर थोडी शांतता पसरली. एका मुलीने विचारलं, मग आपण इथे आलो तरी कशाला, चादरी धुवायला एवढे पैसे? प्रश्न रास्त आहे. माणशी तिकीट, राहणं, जेवण धरून दीड हजार डॉलरच्या आसपास खर्च आला होता, चौदा जणांचे एकवीस हजार. तेवढ्यात तिथे किती बायका पगारावर ठेवता आल्या असत्या? ग्रुप लीडर म्हणाले की माणूस एकदा डोळ्यांनी बघतो तेव्हाच वर्षभर पैसे देतो. हेही खोटं नाही. त्यांची पॅरिश घराला दर महिन्याला पैसे पाठवते आणि ते ट्रिपला गेलेल्यांच्याच खिशातून येतात. पण मग बघायलाच जायचं तर चौदा जण कशाला, चौघं जा, त्यातला एक फिजिओथेरपिस्ट घ्या, एक मिस्त्री घ्या, दरवर्षी तीच माणसं पाठवा म्हणजे मुलांना चेहरे तरी ओळखीचे होतील. त्या मुलीला मी एवढंच म्हटलं की बाळ, तू उद्या माझ्याबरोबर चल. आली. दोरीवर चादर कशी ताणून टाकायची इथपासून शिकवावं लागलं, घरी ड्रायर ना.

(एक गंमत मधेच. शेजारच्या आवारात आंबे लागले होते, आंटी म्हणाली हा बॉम्बे मँगो आणि तो ईस्ट इंडियन. मी म्हटलं अहो मी पण बॉम्बेकडची आणि माझ्या वहिनीच्या माहेरचे सगळे ईस्ट इंडियन, म्हणजे आमच्या मुंबईकडचे ख्रिस्ती! तिला वाटलं मी थट्टा करते. आंबा तिकडे 1782 साली पोचला, इंग्रजांनी पकडलेल्या एका फ्रेंच जहाजावर रोपं होती म्हणून. बॉम्बे बरा होता, पण हापूस तो हापूसच.)

परत आल्यावर मुलाने मला नेटवर बरंच वाचायला दिलं. जगभर अनाथाश्रमात ठेवलेल्या मुलांपैकी पाचात चौघांचे आईवडलांपैकी कुणीतरी जिवंत असतं असं सेव्ह द चिल्ड्रनने मागेच म्हटलंय. परदेशी व्हॉलंटियर आणि त्यांचे डॉलर येतात म्हणून काही देशांत आईवडील असलेली धडधाकट मुलं उचलून आश्रम भरतात, ऑस्ट्रेलियाच्या संसदेत 2018 च्या मॉडर्न स्लेव्हरी, म्हणजे आधुनिक गुलामगिरीविरोधी, कायद्याच्या वेळी यावर चर्चा झाली, आणि 2019 च्या डिसेंबरात युनोच्या महासभेच्या ठरावातही अनाथाश्रम टुरिझमचा उल्लेख आला. त्या पहिल्या वाचकाच्या रागाला हा आधार आहे, त्यांनी तो दिला असता तर पत्र जास्त वजनदार झालं असतं. अपंग मुलांचं मात्र थोडं निराळं. त्यांना सहसा कुणी डॉलरसाठी पळवत नाही, त्यांना घरचेच सोडतात, कारण आई एकटी, कामावर गेल्याशिवाय चूल पेटत नाही, व्हीलचेअर नाही, थेरपी शहरात, शाळा घेत नाही. जमैका तर युनोच्या अपंग हक्क करारावर पहिल्याच दिवशी, 30 मार्च 2007 ला सही करून तेव्हाच मंजुरी देणारा जगातला पहिला देश, आणि त्यांचा स्वतःचा अपंग कायदा संसदेत झाला 2014 ला आणि अमलात आला फेब्रुवारी 2022 मध्ये! आपण हसायला नको, आपणही त्याच दिवशी सही केली, त्याच वर्षी ऑक्टोबरात मंजुरी दिली आणि नवा कायदा केला 2016 साली.

अजून एक गोष्ट तिथे कळली आणि इथे येऊन परत भेटली. कायद्याने अठरा वर्षं झाली की मूल सरकारच्या ताब्यातून सुटतं. ज्याला स्वतःचा चमचा धरता येत नाही ते सुटून जाणार कुठे? मस्टर्ड सीडने म्हणून डोंगराकडे मनीग नावाच्या गावी जेकब्स लॅडर म्हणून मोठ्यांसाठी वेगळी वसाहतच काढली. आणि आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षं हेच तर ओरडून सांगतायत, की बेवारस दिव्यांग मुलांना अठराव्या वर्षी बाहेर काढू नका, त्यांना आहे तिथेच राहू द्या असा कायदा करा. शंभरावर मुलांना त्यांनी बाप म्हणून स्वतःचं नाव लावलंय. 2024 ला सरकारने त्यांना पद्मश्री दिली, कायदा दिला नाही. मला हे जमैकाला जाईपर्यंत माहीत नव्हतं, हे लिहिताना बरं वाटत नाही.

आणि ज्यांना वाटतं की गोरे लोक येऊन सेवा करतात ही भानगडच वाईट, त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन बघावं. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा, आणि अंध बायकांसाठी बर्तीमी सदन. तिथे परदेशातून ज्या बायका मदतीला आल्या त्यातल्या कितीतरी वर्षानुवर्षं राहिल्या, मराठी शिकल्या. आठ दिवसांची रिटर्न तिकिटं नव्हती त्यांच्याकडे.

2025 च्या ऑक्टोबरात मेलिसा वादळ जमैकाच्या पश्चिमेकडे आदळलं तेव्हा मी टीव्हीसमोरून हलले नाही. आंटीचा नंबर आहे माझ्याकडे, मेसेजवर एकच टिक दिसत होती. चार दिवसांनी दोन टिक झाल्या, मग उत्तर आलं, सगळी मुलं ठीक, लाइट नाही, धुणं हाताने चाललंय. मी मुलाला सांगून पैसे पाठवले, येऊ का असं विचारलं नाही.

विचारणार तरी कुठल्या तोंडाने. माझी लोकल तीस वर्षं रोज मुंबई सेंट्रलवरून गेली, तिथून भायखळ्याच्या सांकली स्ट्रीटवरचं मदर तेरेसांच्या सिस्टरांचं आशादान कितीसं लांब, तिथे अशीच मुलं आहेत, मी एकदाही उतरले नाही. सेवा करायला मला चौदा हजार किलोमीटर लांब जावं लागलं, ते पण सुनेने ढकललं म्हणून.

आता गुडघा बरा झाल्यापासून दर गुरुवारी आमच्या इथून रिक्षाने अर्ध्या तासावर एका घरी जाते. पहिल्या दिवशी सिस्टरने विचारलं, काय काय येतं तुम्हाला? टीचिंग, सिंगिंग, क्राफ्ट असं काही? मी म्हटलं धुणं वाळत घालता येतं, आणि सांगाल त्या मुलाला पेज भरवता येते, पण मला एका वाटीला चाळीस मिनिटं लागतात. त्यांनी चिमट्यांची बादली पुढे केली.

आपली,
एक वाचक, वसई